फलश्रुतीचे पान

एका नगरात एक लेखक राहत होता. मोक्षाच्या शोधात निघालेल्या गुराख्याची कादंबरी त्याने जीव ओतून लिहिली. पण दुकानात तिला कुत्रे विचारीना.

पुस्तकविक्या म्हणाला, “अहो, वाचून काय मिळणार ते लिहा की! फलश्रुती नाही, तर लोक हात कशाला लावतील?”

लेखक आधी हसला. मग घरी येऊन त्याने शेवटी एक पान जोडले: ‘जो श्रद्धेने याचे पारायण करील, त्याच्या घरचा आजार औषधावाचून पळेल.’

झाले! पुस्तक घरोघरी चौरंगावर बसले, लोक त्याला हळदकुंकू वाहू लागले. गुराखी कोणाला आठवेना, शेवटचे पान मात्र सगळ्यांना तोंडपाठ. लेखकाचे ‘महाराज’ झाले. दारात पाया पडायला रांग लागली आणि हळूहळू त्यालाही पाय पुढे करायची सवय झाली.

एकदा त्याच्या लाडक्या लेकीला ताप भरला. बायकोने चौरंग मांडला, ग्रंथ उघडला. लेखकाने तिला थांबवले.

“अगं, वैद्यांना बोलावू या.”

“असं काय बोलता? तुम्हीच लिहिलंय ना, औषधावाचून म्हणून? वैद्य आणला तर श्रद्धा कुठं राहिली?”

‘ते पान खोटं आहे,’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले. पण अंगणात भक्तमंडळी जमली होती, महाराजांच्या घरचा चमत्कार बघायला. त्याने शब्द गिळले आणि म्हणाला, “वाच.”

ती वाचत राहिली. घसा बसला तरी थांबली नाही.

पोर अंथरुणातून म्हणाली, “बाबा, कडू औषधसुद्धा घेईन मी. रडणार नाही.”

त्याने तोंड फिरवले. पारायण पुरे व्हायच्या आत पोर गेली.

“वाचण्यात काहीतरी चुकलं असणार,” अंगणात कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

बायकोने हंबरडा फोडून त्याचे पाय धरले. “माझंच मन कुठंतरी ढळलं हो! मीच मारलं तिला!”

अजूनही त्याला बोलता आले असते. निदान तिच्यासाठी तरी. पण लोक बघत होते. भक्तांच्या डोक्यावर ठेवायचा तसाच त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मेला कोडगा!

पुढच्या आवृत्तीत त्या पानावर एक ओळ वाढली: ‘वाचताना मन ढळू देऊ नये.’ ती आवृत्ती हातोहात खपली.

तात्पर्य, सांगताना जीभ कडू होते तरी: श्रद्धेचा बाजार मांडणाऱ्याचे पाप त्याच्या घरचे फेडतात, त्याला मात्र हारच पडत राहतात.