लाल बांगडीचा वसा

ऐका जिवतीबाई, लेकुरवाळ्यांच्या नव्या वशाची कहाणी. हातात अक्षता घ्या गं पोरींनो, आणि मधे कुजबुजू नका.

एक होतं आटपाट नगर. तिथं राजाचा वाडा होता, बाजार होता, रक्तपेढीही होती. नगरात सारजा नावाची कासारीण राही. दारोदार हिंडून बायकांना बांगड्या भरी. तिला एकुलती एक लेक, वेणू. वेणूचा आजार जन्माचा, अंगात रक्त टिकायचं नाही. तीन आठवडे झाले की लेक पांढरीफटक पडे, उंबरा चढताना धापा टाकी. मग पेढीतून रक्ताची पिशवी आणावी, लेकीला चढवावी, की पोर पुन्हा लंगडी खेळायला मोकळी.

सासू म्हणे, "बाहेर बोलू नको गं, पोरीचं लग्न व्हायचं नाही." शेजारीण म्हणे, "आईचंच काही पाप असेल." सारजा ऐके आणि पदराआड रडे.

पुढं काय झालं? राजाचा वाढदिवस आला. राजानं दवंडी पिटवली, "आज साऱ्या नगरानं रक्त द्यावं." ढोल वाजले, रांगा लागल्या, पेढी तुडुंब भरली. राजाच्या गळ्यात हार पडले. लोक घरी गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. एक महिना सरला, दुसरा लागला. उरलेलं रक्त जुनं झालं, टाकून द्यावं लागलं. वैशाख आला आणि पेढी कोरडी पडली.

सारजा पेढीत गेली, रक्त नाही. दुसऱ्यांदा गेली, रक्त नाही. तिसऱ्यांदा गेली ती मलूल वेणूला मांडीवर घेऊन पायरीवरच बसली. तिथं एक म्हातारी आली. ती जिवतीबाईच हो, पण सारजेला काय ठाऊक! म्हातारी म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"आजीबाई, माझ्या पापानं लेक चालली."

"पाप कसलं गं? हा आजार थोडा आईकडून आला, थोडा बापाकडून आला. तुम्ही दोघं धडधाकट, तुम्हांला कळावं कसं? रडू नको. मी तुला वसा सांगते."

"सांगा आजी."

"दूध एकदाच घागरभर आणलं, तर वर्षभर पुरतं का? रतीब लावावा लागतो. तसा रक्ताचा रतीब लावावा. घराघराला पाळी नेमावी. आजार लपवू नये. एकही दार वगळू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." असं म्हणून म्हातारीनं शेजारच्या नगरातून एक पिशवी मिळवून दिली. वेणू उठून बसली. सारजा वळून पाहते, तो म्हातारी नाही.

मग सारजा काय करती झाली? बांगड्या भरता भरता तिनं पहिल्या घरी सगळं सांगितलं. दुसऱ्या घरी सांगितलं. तिसऱ्या घरची बाई हुंदका देऊन म्हणाली, "माझ्याही मुलाला तेच आहे गं!" अशी नगरात लपवलेली सात पोरं निघाली. बायांनी मंडळ केलं. ज्या घराची पाळी, त्या घरच्या बाईच्या हातात सारजा एक लाल बांगडी भरी. बांगडी दिसली की घरातलं कुणीतरी पेढीत जाई. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी भरे, तिला गूळ-नाचणी खा म्हणून परत पाठवीत. मग तिचा नवरा जाई, दीर जाई. रतीब सुरू झाला, पोरं बाळसं धरू लागली.

पण सारजेकडून एक चूक झाली. पिठाची गिरणी चालवणारी आवडाबाई विधवा. तिला बांगड्या भरायच्या नाहीत, म्हणून सारजा तिचं दार ओलांडून पुढं जाई. दोन वर्षं गेली. दिवाळी आली, नगर पाहुण्यांकडं पांगलं. वेणूला लागणारं रक्त पेढीत नाही. सारजा एका दारी गेली, कुलूप. दुसऱ्या दारी, कुलूप. तिसऱ्या दारी, कुलूप. एक गिरणी तेवढी चालू होती.

सारजा मान खाली घालून उभी राहिली. पिठानं माखलेली आवडाबाई बाहेर आली आणि कडाडली, "दोन वर्षं माझ्या दारावरून जातेस, सारजा. मनगट रिकामं झालं, म्हणून आतलं रक्तही आटलं का गं?"

"चुकले आवडाताई. पदर पसरते."

"पदर राहू दे. गिरणी बंद करते, चल."

आवडाबाईचं रक्त तपासलं, वेणूशी जुळलं. पिशवी भरली, वेणूला चढली. संध्याकाळी पोरीच्या ओठांवर लाली आली. तिनं आईच्या पेटीतून लाल बांगडी काढली आणि आपल्या हातानं आवडाबाईला भरली. नगर बोललं असतं, तरी वेणूनं ऐकून घेतलं नसतं.

पुढच्या वाढदिवसाला राजा ढोल न वाजवता आपल्या पाळीला आला आणि रांगेत उभा राहिला. वेणू मोठी झाली, शिकली, कमावती झाली. तिचं लग्न ठरायची वेळ आली, तेव्हा सारजेच्या त्याच सासूनं पत्रिकेआधी नवऱ्या मुलाचं रक्त तपासायला लावलं, पुढच्या लेकरांना आजार नको म्हणून. मांडवात आवडाबाई पहिल्या पंगतीला बसली.

जशी जिवतीबाई वेणूला पावली, तशी तुम्हां-आम्हां लेकुरवाळ्यांना पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता अक्षता वाहा, आणि लाल बांगडी कुणाच्या हातात आहे, ते बघा.