पवळीचा घास

“मंग पानात तांबं नाही म्हनतोस?”

“नावाला, बाबा,” हेमराज म्हणाला. “शिसंही तसंच. शेणखताने दोन्ही मातीतच धरून ठेवलं, मुळांत चढू दिलं नाही.”

मठाच्या डोमाबाबांनी पालकाची जुडी हातात घेतली. पानं तळहाताएवढी होती, हिरवीगार.

बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचा तो राखाडी ढीग किती वर्षं गावाच्या उशाशी पडून होता. त्यावर धड गवतही येत नसे. बाबांचा शिष्य हेमराज शेतकीचं शिकून आला आणि मठाच्या गोठ्यातलं शेणखत त्याने ढिगावर घालायला घेतलं. दुसऱ्या वर्षी पालक आला. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. हेमराजही हल्ली स्वतःकडे तसाच बघायला लागला होता.

आज वस्तीतल्या बाया मठाच्या अंगणात येऊन बसल्या होत्या. बाबांनी हो म्हटलं की त्या ढिगावर वाफे पाडणार होत्या, घरच्या भाजीसाठी. पुढच्या आठवड्यात वरचे साहेबही हिरवा ढीग बघायला येणार होते.

“चांगलं झालं,” बाबा म्हणाले. “नैवेद्य दाखवू. पयले गाईचा घास काढ.”

मठाची रीतच होती ती. पहिला घास गाईचा, मग देवाचा, मग माणसांचा.

हेमराज जुडी घेऊन गोठ्यात गेला. बाबा काठी टेकत मागोमाग आले. पवळी गाय गाभण होती. ढिगावरचं बरंचसं शेण तिचंच. ओळखीचा माणूस बघून तिने मान लांबवली, जीभ बाहेर काढली...

हेमराजने झटक्यात जुडी पाठीमागे नेली.

“काहून?” बाबांनी विचारलं.

हेमराज एक पाऊल मागे सरला.

“खत तं तिनंच देल्लं. पयला हक्क तिचा.”

“तिला नको, बाबा. यात सोमल आहे.”

“इख?”

“हो, विषच...”

मग तो खाली बघत सांगत गेला. तांबं आणि शिसं खताने बांधून ठेवलं, हे खरंच होतं. पण मातीत गप्प पडून असलेला सोमल त्याच खताने सुटा केला आणि तो पानांत चढला. बिनखताच्या खुरट्या रोपांत होता, त्याच्या दुप्पट. शहरातल्या प्रयोगशाळेने दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. त्याने गावाला एकच सांगितली.

“साहेब येऊन गेले की बघू, असं वाटलं...”

आपलेच शब्द ऐकून त्याला स्वतःची किळस आली. बाबांनी आता रागवावं, दोन काठ्या माराव्यात, असं त्याला वाटत होतं. बाबा पवळीची मान खाजवत राहिले.

“अंगनात डिलेश्वरी बसली हाये,” ते म्हणाले. “तिले सातवा लागला.”

हेमराजला ठाऊक होतं. सकाळीच तिने विचारलं होतं, दादा, अशा दिवसांत पालक चांगला राहते ना? तो हो म्हणाला होता. हसून.

आता त्याला मान वर करवेना.

“बाबा, तुम्हीच सांगा त्यांना. मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

बाबांनी त्याचा पाठीमागचा हात धरून पुढे आणला. जुडी अजून मुठीत आवळलेली होती. पवळीने पुन्हा मान पुढे केली आणि हेमराजचा हात पुन्हा मागे गेला, आपसूक.

बाबा त्या हाताकडे बघत राहिले.

“तोंड राहू दे,” ते म्हणाले. “हा हात घेऊन जाय.”