हत्तीमागचा सामना

प्राणी खेळमंडळं चालवत, तेव्हाची गोष्ट. चेंडू बगलेत धरून पळायच्या खेळात आमराईचा संघ दरवर्षी हरायचा. मंडळाचे अध्यक्ष हत्तीदादा सगळ्यांच्या पुढे बसत. मागच्यांना सामना दिसतच नसे. हरलो, एवढंच कळे.

"अध्यक्ष बदला!" असा एकच गलका झाला. हत्तीदादा हसत उठले आणि मागे जाऊन बसले. कासवकाकू अध्यक्ष झाल्या. माकडीणबाईंनी तर ढोल बडवून पेढे वाटले.

पुढच्या सामन्यात मैदान लख्ख दिसलं. माकडीणबाईंचा थोरला मुलगा चेंडू टाकून पेरू खात बसला होता. सशाची जुळी पोरं चेंडू जवळ आला की पळत सुटत, तेही उलट्या दिशेला.

मग माकडीणबाई हळूच म्हणाल्या, "हत्तीदादा, जरा पुढे येऊन बसता का?"