धाकट्याची पाळी

नगराचं नाव राहू द्या. तिथल्या राजाला गोष्टींचं भारी वेड होतं, एवढं पुरे. रानात नरभक्षक वाघ माजला, तेव्हा त्यानं गोजाईच्या थोरल्या मुलाला पाठवलं. तो परतला नाही. मग मधल्याला पाठवलं. त्याचं नुसतं पागोटं सापडलं.

गोजाई गावाला गोष्टी सांगायची. राजानं तिला दरबारात बोलावलं.

"बाई, तुझ्या गोष्टीत थोरले दोघे हरतात आणि धाकटा जिंकतो ना? मग सगळं बरोबर चाललंय! उद्या धाकट्या सिदूला पाठव."

दरबारानं माना डोलावल्या. गोजाईचं रडून संपलं होतं.

"पाठवते, महाराज. पण गोष्टीचा शेवटही पाळा. धाकट्याच्या हाती गादी देऊन म्हातारा राजा एकटा वनात निघून जातो. सिदू जिंकणार याची तुम्हाला खात्री आहे, मग थांबता कशाला? आजच निघा. वन तेच आहे."

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. "गोष्टी काय, खोट्याच असतात," तो पुटपुटला आणि त्यानं सिदूला पाठवण्याचा हुकूम मागे घेतला.

त्या सांजेला गोजाईनं सवयीनं गोष्ट सुरू केली. पूर्वी तिघं हुंकार द्यायचे, आता एकटा सिदू देत होता. शेवटाशी येऊन ती अडली.

"सांग ना, आई. धाकटा अमृत शिंपडतो आणि थोरले दोघं उठून बसतात."

"गोष्टी खोट्या असतात, बाळा," गोजाई म्हणाली. "आज मीच राजाकडून कबूल करून घेतलं."