गुळव्याची ठकू

नदीकाठच्या एका गावात एक गुळव्या राहत होता. गूळ करावा तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. रस उकळू लागला की काहिलीवरून तो नजर हटवत नसे आणि नेमक्या क्षणी काहील उतरवत असे. चव घेता घेता त्याचे स्वतःचे दात मात्र कधीच गेले होते.

त्याची लेक ठकू चार वर्षांची. हंगामात ती दिवसभर गुऱ्हाळावरच असे. रडली की आई तिच्या तोंडात गुळाचा खडा सारी आणि झोपताना काकवीत बुडवलेली चिंधी चोखायला देई. पोर गप्प आणि काम सुरळीत, मग कुणाची तक्रार असणार?

हळूहळू ठकूचे दात काळे पडले. गुळव्या म्हणाला, दुधाचेच तर आहेत, पडणारच. पण तिची हिरडी सुजली. भाकरी पाहिली की ती तोंड फिरवू लागली आणि दिवसेंदिवस वाळत चालली. तेव्हा मात्र बापाचं धाबं दणाणलं.

तो तिला वैद्यबुवांकडे घेऊन गेला. त्यांनी एक दात काढला, बाकीचे वाचतील म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "उसाचं बेणं लावतोस, ते कांडं पुढे टिकतं का रे?"

"नाही बुवा, नवा ऊस फुटला की मातीत कुजून जातं."

"मग किडकं का लावत नाहीस?"

गुळव्याने ठकूच्या काळ्या दातांकडे पाहिलं. बेणं निरोगी हवं, हे गावाला त्यानेच शिकवलं होतं. चिंधी बंद, गूळ जेवणापुरता आणि रोज दोनदा बापाने दात घासून द्यायचे, असं ठरवूनच तो घरी परतला.

चौथ्या दिवशी, काहील उतरवायच्या ऐन वेळी, ठकूने गुळासाठी भोकाड पसरलं. सवयीने आईचा हात ढेपेकडे गेला. गुळव्याने तिला थांबवलं, पोरीला उचललं आणि शांत होईपर्यंत बांधावर फिरवलं. परत आला तोवर पाक करपला होता. लोक हसले.

तो म्हणाला, "गूळ काळा झाला तर होऊ दे. पोरीचे दात आता काळे व्हायचे नाहीत."

तीन वर्षांनी ठकूला पुढचे नवे दात आले, पांढरेशुभ्र. तिने उसाचं कांडं मोडून अर्धं बापाला दिलं. त्याने ते हातात फिरवलं आणि ओशाळून हसला. मग ठकूने ते दातांनी सोललं, बारीक तुकडे केले आणि एकेक त्याच्या तोंडात घातला.

तात्पर्य एवढंच: दुधाचे दात पडणारे असले, तरी ते पुढच्या दातांचं बेणं असतं. पोराला गप्प करण्यासाठी ते किडू देऊ नये.