दुनळीचा दुसरा चाप

ती शिकार मी पाहिलेली नाही; मात्र नंतर कचेरीत राही काय बोलली, ते ऐकलेली माणसे मला भेटली आहेत.

जहागीरदार तुळाजीरावांनी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी दुनळी बंदूक विकत घेतली. पहिल्याच शिकारीत तिचे छर्रे डुकराऐवजी डुक्कर हुसकावणाऱ्या रखमाजीच्या गुडघ्यात घुसले आणि त्याचा पाय कायमचा गेला. भरपाई दूरच, लंगडा हाकाऱ्या निरुपयोगी, असे सांगून जहागीरदारांनी त्याची इनाम जमीन काढून घेण्याचा हुकूम सोडला.

रखमाजीची बायको राही कचेरीत येऊन उभी राहिली.

"बंदूक जुनी आहे, बाई," तुळाजीराव गुरकावले. "चाप आपोआप सुटला. त्याला आम्ही काय करणार?"

"खरं हाय, सरकार. पर दुनळीला चाप दोन असत्यात, एकेका नळीला एकेक. पयला बार झाडीत गेला, त्यो आपोआप सुटला म्हनू. मग माझा मालक वरडला, 'सरकार, मानूस हाय!' त्येच्यानंतर दुसरा बार झाला. त्यो चाप कुनी वढला?"

हुकूम त्याच दुपारी फाडला गेला आणि जमीन राहीकडेच राहिली.

दुसरा चाप का ओढला, हे मात्र जहागीरदारांनी कधीच सांगितले नाही, आणि तिथे बसलेल्या एकाही पुरुषाने ते विचारले नाही.