पाठीवर बसणारा बगळा

माणसांनी तळ्याकाठी वस्ती करण्याआधीची ही गोष्ट. काठावर जांभळाचं एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत फक्त पांढऱ्यांनी बसायचं, असा रिवाज होता. पहाऱ्याला टिटवी असे.

एके दुपारी चंद्री म्हशीचं रेडकू उन्हानं धापा टाकू लागलं. तिच्या पाठीवर बसून गोचीड टिपणाऱ्या बगळ्याला ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पंच. काळ्यांनाही सावलीत बसू द्या ना."

"वहिनी, मला काळं-पांढरं दिसतच नाही," बगळा म्हणाला. "तुम्ही उगाच विषय काढता, म्हणून भांडणं होतात."

"खरंय. पाठीवर बसून कसं दिसणार?" असं म्हणत चंद्री काळ्या चिखलात शिरली आणि बगळ्यासकट मनसोक्त लोळली.

बगळा डांबरासारखा होऊन बाहेर आला आणि तडक सावलीकडे पळाला. टिटवीनं पंख आडवे केले. "ए काळ्या, तिकडं उन्हात!"

"अगं, मी बगळा! पंच!"

"सगळे काळे असंच सांगतात."

घटकाभर रेडकाशेजारी भाजल्यावर बगळा पुटपुटला, "वहिनी, तो विषय संध्याकाळी पंचायतीत मीच काढतो."

"संध्याकाळी कशाला, भाऊजी? ऊन तर आत्ता आहे."

बगळ्यानं रेडकाला पुढं घातलं आणि तो टिटवीकडे निघाला.